गोळ्यावरचं काळं मीठ

वालचंदनगर,
सोमवार, २५ मे

प्रिय ज्योत्स्ना,

जय भीम. आबाचं पत्र बघून तुझ्या पोटात गोळा येईल, म्हणून आधीच सांगतो, तुझी आई घरीच आहे, शुद्धीवर आहे, आणि मी हे लिहीत असताना आतल्या खोलीतून दोनदा दमत दमत विचारून झालंय की एवढा वेळ कागद पेन घेऊन काय चाललंय तुमचं. पण पोरी, शनिवारी ती मशीनवर गेली नाही. बुधवारी डायलिसिस झालं, त्याला आज पाचवा दिवस. पाय सुजून टम्म झालेत, पैंजणाच्या जागी खाच पडते. आजच्या आज तिला मशीनवर बसवलीच पाहिजे, नाहीतर काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तू सगळं वाचून काढलेलं आहेस. ती का गेली नाही ते शेवटी लिहितो. आधीच लिहिलं तर तू फोन आपटशील आणि मधलं वाचणार नाहीस, आणि मधलं तू वाचलंच पाहिजेस.

आता म्हणशील, फोन होता की, पत्र कशाला? केला की फोन. गुरुवारपासून तीनदा केला. तू पण वैतागून म्हणालीस, आबा, हल्ली काय फोनवर फोन. दर वेळी मनाशी ठरवून लावला, आणि तुझा आवाज आला की जेवलीस का, नाशिकला ऊन किती, बाळाचा ताप उतरला का, एवढं विचारून ठेवून दिला. पासष्टीला आलेला माणूस, उभ्या बाजारात दिवसभर घसा फोडून ओरडणारा, आणि पोटच्या पोरीसमोर दातखीळ बसते. म्हणून लिहायला बसलो. लिहून झालं की गोकुळच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो, तो फोटो काढून तुझ्या फोनवर टाकेल. तो वाचणार नाही, मी त्याला शपथ घातली आहे. आणि भाषा जरा शाळेसारखी वाटली तर हसू नकोस. गुरुजी निबंधात 'आहे'च्या जागी 'हाय' लिहिलं की विचारायचे, हाय हाय, कोण मेलं रे तुमचं? तेव्हापासून पेन हातात आलं की मी आपोआप शहाण्यासारखा लिहितो. बोलायला मात्र जमत नाही.

तर गोळ्यापासून सांगतो, कारण सगळं तिथंच झालं. आपल्या गाड्याला लोक साहेबरावचा गोळा म्हणतात, पण त्यात साहेबराव किती असतो? बर्फाची लादी आणायची, गोणपाटात गुंडाळायची, रंध्यावर किसायची, मुठीत दाबून काडीवर बसवायची. झालं. ते कुणीही करील. लाल, हिरवे रंग तर सगळ्याच गाड्यांवर. आपल्याकडं कंपनीच्या क्वार्टरमधल्या बाया रिक्षा करून यायच्या त्या वरच्या सामानासाठी. आताची पोरं त्याला टॉपिंग म्हणतात, आपल्या घरात तुझी आई 'वरचं' म्हणायची. सकाळी वरचं केलं का, वरचं झाकलं का. जांभळाचा गर, चिंचगुळाचा कोळ, भाजून कुटलेलं जिरं, खवा, खजुराचे बारीक तुकडे, खोबऱ्याचा कीस, काजू, आणि सगळ्यांत शेवटी चिमूटभर काळं मीठ. ती चिमूट ती मला कधी टाकू द्यायची नाही. माझी बोटं जाड आहेत म्हणे. निरवांगीच्या जत्रेत खवा संपला तेव्हा तिनं शेंगदाण्याचा कूट आणि गूळ तव्यावर परतून त्याचा चुरा घातला होता, आठवतं? तू सातवीत होतीस, बर्फाच्या पेटीवर बसून हिंदीचं पाठांतर करत होतीस. पुढच्या वर्षी लोक खवा नको, तो चुरा द्या म्हणून भांडले.

आणि मग दोन वर्षांपूर्वी तिची किडनी गेली. तुझा रक्तगट जुळला नाही, माझी साखर आडवी आली, आपला पोरगा संघपाल तयार होता तर तिनं त्याला दवाखान्याच्या पायरीवरच शिव्या घातल्या. मशीनच राहिली. तू चार्ट करून फ्रीजवर चिकटवलास, काय चालेल ते हिरव्यात, काय चालणार नाही ते लाल शाईत. लाल शाईत तिच्या वरच्या सामानाच्या सगळ्या बरण्या होत्या. नारळ, खजूर, चिंच, काजू, खवा, वरून मीठ. आणि पाणी दिवसाला दोन पेले. पोरी, दोन पेले म्हणजे काय हे नाशिकला बसून कळत नाही. सकाळच्या औषधाच्या गोळ्यांनाच अर्धा पेला जायचा. ती चूळ भरायची आणि थुंकताना माझ्याकडं बघायची, बघा, गिळलं न्हाय. दुपारी माठाजवळ जमिनीवर बसायची आणि माठाला पालथा हात लावून ठेवायची. मी म्हणायचो, उठ तिथनं. ती म्हणायची, हातानं थोडंच पेते मी. त्या घरात मी रोज भरल्या बर्फाच्या पेटीनिशी यायचो. तूच सांग, माणसानं बघत बसायचं तरी किती?

दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या की फारच तहान लागली तर बर्फाचा लहानसा खडा चोखायला द्या. लहानसा म्हणाल्या होत्या, त्यांची काही चूक नाही. पण ते ऐकलं आणि मला वाटलं, अरे, ही तर आपली गल्ली. बर्फाचं माझ्याएवढं कुणाला कळतं? चाळीस वर्षं हाच धंदा. आणि मी काय हिशेब केला माहीत आहे का? हसू नकोस. हसायची गोष्ट नाहीच ती. मी म्हटलं, पाणी पितात आणि बर्फ खातात. गिऱ्हाईक आख्खा गोळा खातं आणि काडी टाकली की पहिलं काय म्हणतं? आबा, पाणी आहे का. चाळीस वर्षांत एक गिऱ्हाईक असं नाही की गोळा खाऊन पाणी मागितलं नाही. म्हणजे गोळ्यानं तहान भागत नाही. म्हणजे तो पाण्यात धरायचा नाही. एवढं डोकं मी चालवलं. दोन पेल्यांचं माप मी इमानदारीनं पाळत होतो बरं का, एक घोटसुद्धा जास्त दिला नाही, आणि वरून रोज दुपारी मूठभर बर्फ. वितळून त्याचं काय होतं हे मला, बर्फवाल्याला, सुचलं नाही. आता लिहिताना लाज वाटते.

नुसत्या बर्फावर राहिलं असतं तरी कदाचित निभावलं असतं. पण तुझ्या आईच्या तोंडाची चव गेली होती. काहीही खाल्लं की लोखंड चाटल्यासारखं लागतंय म्हणायची. मार्च लागला, गाडा सुरू झाला, आणि वरचं मी करायला लागलो, सूनबाई रेश्मा मदतीला. मला जमेना. चिंचेचा कोळ पातळ, जिरं कच्चं. एके दिवशी दुपारी बर्फाच्या खड्यावर थोडा जांभळाचा गर लावून तिच्याकडं नेला, म्हटलं, जरा चव बघून सांग काय कमी आहे. तिनं जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, काय लागंना. मग मी काळ्या मिठाची चिमूट टाकली. तर एकदम डोळे उघडले. म्हणाली, अवो, लागलं की! हे लागलं! ज्योत्स्ना, वर्षभरात तिच्या तोंडावर मी तसं हसू बघितलं नव्हतं. मीठ तेवढं तिला कळत होतं. मग रोज तेच. आज जांभूळ, उद्या चिंच, परवा खवा आणि खजूर, आणि सगळ्यावर मीठ. कमी लागलं की आणखी एक चिमूट. ती मला झापायची, जिरं करपवलंय, खवा कढईला लागलाय, काजू काय दगडानं ठेचलाय का. पुन्हा मालकीण झाली होती गाड्याची. मिठानं तहान वाढायची, मग आणखी बर्फ मागायची, आणि मी द्यायचो. दुपारची ती अर्धी घटका म्हणजे माझ्या दिवसातलं सगळं सुख होतं, हे तुझ्यापासून काय लपवू? ताकदीचं खातेय असंच वाटायचं मला. काजू, खजूर, खवा, यात वाईट काय आहे, आजाऱ्याला लोक हेच घेऊन येतात की.

रेश्माला कळलं ते जिभेवरून. एकदा दुपारी ती गोळ्या द्यायला आली तर तुझ्या आईची जीभ जांभळी. ती आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत राहिली. म्हणाली, आबा, हे काय? आत्या, ताईंनी चार्ट कशाला लावलाय? मी म्हटलं, एकदाच दिला गं, परत नाही देणार. तुझ्या आईनं पण मान डोलावली, आजच गं बाय. त्यानंतर आम्ही दोघं रेश्मा नळावर गेली की खायचो. म्हातारा-म्हातारी, नातवंडं झालेली, आणि बोरं चोरल्यासारखं चोरून खातोय. खाऊन झालं की मी तिची जीभ ओल्या फडक्यानं पुसून द्यायचो. हेही लिहितो, म्हणजे सगळं लिहून होईल.

मग चौदा एप्रिल आला, मंगळवार. मिरवणूक दुपारीच चौकात आली होती, आपल्या गाड्यावर ही गर्दी. दरवर्षी त्या दिवशी तुझी आई पांढरी साडी नेसून वरच्या सामानाचे डबे घेऊन उभी असायची. या वर्षी खुर्ची टाकून सावलीत बसवली होती. लोक येऊन म्हणायचे, पुतळाबाई, आज चिमूट तुमच्या हातची न्हाय व्हय? ती नुसती हसायची. मला ते बघवेना. गर्दी ओसरली तशी मी मोठा ग्लास घेतला, काठोकाठ बर्फ भरला आणि त्यावर सगळं घातलं. सगळं म्हणजे सगळं, एक बरणी सोडली नाही. ती म्हणाली, अवो, एवढं? मी म्हटलं, उद्या बुधवार आहे, उद्या मशीनवर सगळं धुऊन निघंल, आज खा. असंच म्हणालो मी. कपडे धुवायला टाकायचे असल्यासारखं. तिनं मिठाची चिमूट स्वतःच्या हातानं टाकली आणि ग्लास चाटूनपुसून संपवला. रेश्मा तेव्हा मिरवणुकीत बायांना सरबत वाटत होती. परत आली तेव्हा ग्लास तुझ्या आईच्या मांडीवर होता.

दिवेलागणीला तिला धाप लागली. आडवं होववेना, बसवली तर बसवेना, ओठ निळे. संघपालनं गाडी आणली, बारामतीला पोचेपर्यंत तिनं माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. पुढचं तुला माहीत आहे, तू सकाळी पोचलीस. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, फुप्फुसात पाणी झालंय, पोटॅशियम फार वाढलंय, काय खायला दिलं होतं यांना? रेश्मा म्हणाली, चार्टप्रमाणंच दिलंय. आणि तू सगळ्यांसमोर तिच्यावर कडाडलीस, मग पोटॅशियम काय आभाळातून पडलं का, वहिनी? जेवण तुमच्या हातात, चार्ट तुमच्या डोळ्यांसमोर, माझ्या आईला मारायला निघालात का? रेश्मानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी काय केलं ते ऐक. समोर भिंतीवर 'येथे थुंकू नये' अशी पाटी होती, ती मी वाचत बसलो. पुन्हा पुन्हा वाचली. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. मनात म्हटलं, आता नको, पुतळा शुद्धीवर आली की सांगू. ती शुद्धीवर आली तर म्हटलं, घरी जाऊ दे, मग सांगू. घरी आलो तोवर तू नाशिकला गेली होतीस आणि जाताना वहिनीशी बोलली नव्हतीस.

ते खायला मी दिलं होतं, ज्योत्स्ना. रेश्मानं नाही. त्या पोरीनं तुझ्या चार्टमधली एक ओळ मोडलेली नाही. बटाटा दोनदा उकळून पाणी फेकायची, डाळ मोजून द्यायची, स्वतःच्या भाजीत मीठ कमी घालून खायची म्हणजे सासूला वाटायला नको की आपल्यालाच अळणी. दोन वर्षं आठवड्यातनं दोनदा जंक्शनच्या थांब्यावरून एसटी धरून बारामतीला नेणं, चार तास बसणं, आणि सुई टोचताना तुझी आई घाबरते म्हणून तिचा दुसरा हात धरून ठेवणं, हे सगळं तिनं केलं. आणि मारायला निघालेली ठरली ती. मेच्या सुरुवातीला मी एकदा धीर करून तिला विचारलं, तू का बोलली नाहीस गं त्या दिवशी? ती भाकरी थापत होती. म्हणाली, आबा, मला वाटलं तुमी सांगाल. एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तेव्हा तरी मी तुला फोन लावायला हवा होता. नाही लावला. गाड्यावरचं वरचं सामान तेवढं बंद केलं, सगळ्या बरण्या धुऊन माळ्यावर टाकल्या. गिऱ्हाईक म्हणतं, आबा, तुमच्या गोळ्यात आता काय राम राहिला नाही. मी म्हणतो, नाही राहिला, घ्यायचा तर घ्या. जसं काही बरण्या माळ्यावर टाकल्या की झालं.

तुझी आई पण गप्पच होती. तिच्यावर ढकलत नाही, पण खरं ते लिहितो. तिला भीती, खरं बाहेर आलं तर तू येऊन गाडाच बंद करशील आणि मला आयुष्यभर तोंड दाखवणार नाहीस. मला वाचवायला ती गप्प, आणि मला वाचवायला मी गप्प. रेश्माला वाचवायला कोण? कुणीच नव्हतं घरात. संघपालला काहीच माहीत नाही, अजून नाही. तो बिचारा शिफ्ट करून येतो, बायको रडलेली दिसते, बहीण फोनवर तुटक बोलते, आणि तो दोघींची समजूत काढत बसतो.

मग गुरुवारी तुझा फोन आला. संघपाल कामावर निघाला होता, बूट घालता घालता त्यानं फोन स्पीकरवर टाकला. तू म्हणालीस, आईला मी नाशिकला घेऊन जाते, त्या बाईच्या हाती ठेवू नकोस, एकदा मरणाच्या दारात नेलं, दुसऱ्यांदा पार करेल. त्यानं घाईनं फोन बंद केला, पण रेश्मा चुलीशीच होती. तिनं सगळ्यांच्या भाकरी केल्या, तुझ्या आईची वेगळी भाजी केली, गोळ्या वाटीत काढून ठेवल्या, हात धुतले आणि पिशवी भरली. तुझ्या आईच्या पाया पडली. माझ्या पडायला आली तर मी दोन पावलं मागं सरलो, मला घेववेना तो नमस्कार. मी दारात उभा. तिनं रस्ता सोडायची वाट बघितली, आणि मी सरकलो. मी थांब म्हणायला पाहिजे होतं की नाही? ती वरकुट्याला माहेरी गेली.

काल रविवारी मी वरकुट्याला जाऊन आलो. तिचे वडील सोपानराव, भला माणूस, बाजेवर बसवलं, चहा दिला. रेश्मानंच आणला. विचारलं, आत्याचे पाय कसे हायेत? मी म्हटलं, सुजलेत. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सोपानराव म्हणाले, साहेबराव, पोरगी नांदायला नको म्हणत न्हाय. पण तिला जीव घेणारी म्हटलंय. ज्यांनी म्हटलं त्यांनी फोन करावा, मी सोता आणून घालतो, तासाभरात. तिथं सांगायचं होतं मला. समोर बसलेला बाप, त्याला सांगायचं की तुमच्या पोरीवर आलेला आळ माझा आहे. मी कपबशी खाली ठेवली, तोंड उघडलं, आणि पाऊसपाण्याचं विचारलं. ऊस कसा आहे विचारलं. रेश्मा दाराला टेकून उभी होती. तिनं तेव्हाही मला उघडं पाडलं नाही, आत निघून गेली. येताना एसटीत मी तोंडावर टॉवेल टाकून रडलो, शेजारच्याला वाटलं उन्हाचं टाकलंय.

आता शनिवारचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. रेश्मा नव्हती म्हणून मी स्वतः तुझ्या आईला जंक्शनला घेऊन गेलो. बारामतीची गाडी लागली, मी तिचा दंड धरला, तर ती बाकावरून उठेना. ती गाडी गेली. दुसरी आली, ती पण गेली. मी हात जोडले, लोक बघायला लागले. तेव्हा म्हणाली, अवो, ज्या पोरीनं दोन वर्सं माजा हात धरला, तिला आपुन दोघांनी मिळून चोर केलं, आन् ती गेली. आता कुनाच्या जिवावर मी तितं जाऊन बसू? ज्योतीला खरं सांगा. तुमी सांगितल्याबिगर मी मशीनवर बसत न्हाय, मेले तर मेले. संध्याकाळी मी तिला थाप मारली, सांगितलं म्हटलं पोरीला. तिनं विचारलं, मग पोरगी काय म्हनली? मला पुढची थाप सुचेना, आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं. काल रात्रीपासून तिला पाठ टेकता येत नाही, गादीच्या वळकटीला टेकून बसली आहे, आणि एकेक श्वास घेताना खांदे उचलतात. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणतात ताबडतोब आणा. गाडी दारात आणून ठेवली आहे, पण तिला उचलून नेऊन काय करू, सुईला ती हात देणार नाही. मी ओळखतो तिला, त्या थापेनंतर माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही, रेश्मा समोर आली तरच तिला पटेल. तेव्हा पोरी, हे वाचलंस की मला फोन करू नकोस. मला काय बोलायचं ते नंतर बोल, वाटेल ते बोल, जन्मात बोलली नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. आधी रेश्माला लाव. वरकुट्यात सोपानराव गाडी काढून बसलेत, तासाचा रस्ता आहे. तिला एवढंच सांग की आबानं खरं सांगितलं.

तुझाच,
आबा